एअर रायफलला स्कोप घेताय? झूम नंतर बघा

मारेगावात बसून मी पहिला स्कोप ऑनलाइन मागवला, तोही ३-९×४० हा आकडा भारी वाटला म्हणून. १० मीटरवरचं टार्गेट ९ पट झूमवर नुसतं धूसर! चूक माझीच. त्या स्कोपचं पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, फिक्स होतं. अशा वेळी डोकं जरा हललं की फुलीही टार्गेटवर सरकते. म्हणून १० मीटरपर्यंत फोकस खाली येतो का, ते आधी बघा.

४० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४० भागिले ९ केलं की साधारण ४.४, डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत एवढा रुंद. भर उन्हात आपली बाहुली २-३ मिमीच उघडी असते. मग ५० ची जड काच कशाला?

चष्मा असेल तर आय रिलीफ जास्त हवा, म्हणजे डोळा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं. मागची रिंग फिरवून फुली स्पष्ट करताना कोऱ्या भिंतीकडे क्षणभरच बघा. टक लावलीत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि सेटिंग चुकतं.

स्प्रिंगवाली रायफल आधी मागे, मग पुढे झटका देते. साधा स्कोप त्यात खिळखिळा होतो, एअर रायफलसाठी बनवलेलाच घ्या.

स्पर्धेत उतरायचं असेल तर मात्र थांबा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं, ते बारीक छिद्राच्या पीप साइटवर. तिथे रायफलवर स्कोप चालतच नाही. १० मीटर एअर रायफललाही हाच नियम. मला हे पैसे गेल्यावर कळलं.