ओ पेअर आणि परघरचा सण

‘ओ पेअर’ या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘बरोबरीने’. परक्या देशातल्या कुटुंबात राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, थोडे घरकाम करायचे. बदल्यात जेवण, खोली, हातखर्चाला पैसे आणि त्या देशाची भाषा शिकण्याची सोय मिळवायची, असा हा व्यवहार. अशी मुलगी मोलकरीण नव्हे आणि निव्वळ पाहुणीही नव्हे, हे त्या नावातच गृहीत धरलेले आहे. एरवी हे गृहीतक निभून जाते. सणाच्या दिवशी मात्र सगळे घर टेबलाभोवती जमते, तेव्हा खुर्ची कोणाला आणि वाढप कोणाकडे हे लपत नाही. या प्रथेचा इतिहास म्हणूनच करारांइतकाच नाताळच्या जेवणांतही सापडतो.

प्रथेचे एक जुने मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. या छोट्या देशात बहुसंख्य लोक जर्मन बोलतात, तर पश्चिमेकडचे फ्रेंच. जर्मन भाषक घरांतल्या मुली शाळा संपली की वर्षभरासाठी फ्रेंच भागातल्या एखाद्या कुटुंबात राहायला जात. या वर्षाला ‘वेल्शलांडयार’ म्हणत. ‘वेल्शलांड’ म्हणजे जर्मन भाषकांच्या तोंडी फ्रेंच मुलूख. मुलीला फ्रेंच येई, त्या घराला हात मिळत आणि आईबापांच्या लेखी संसाराची उमेदवारीही उरकून जाई.

भाषा एका देशाच्या दोन टोकांना बदलते तसे सणही बदलतात. झुरिककडच्या मुलीला 6 डिसेंबर म्हणजे सामिक्लाउस, अर्थात संत निकोलस, आणि कणकेच्या बाहुल्यासारखा भाजलेला गोडसर ‘ग्रिटीबेंझ’ पाव ठाऊक असे. जिनिव्हात तिची गाठ पडे ती एस्कलादशी. 1602 च्या डिसेंबरात सॅव्हॉयच्या ड्यूकचे सैन्य रात्री शिड्या लावून जिनिव्हाच्या तटावर चढले आणि नगरवासीयांनी ते परतवले. एका बाईने उकळत्या भाजीच्या सुपाचे भांडे शत्रूच्या डोक्यावर उलटे केले, अशी आख्यायिका आहे. त्याची आठवण म्हणून आजही घरोघरी चॉकलेटचे हंडे आणतात, आत मार्झिपॅनच्या इवल्या भाज्या असतात आणि जमलेल्यांपैकी सर्वांत लहान व सर्वांत मोठी व्यक्ती मिळून तो हंडा फोडते. वेल्शलांडला आलेली मुलगी बहुधा या दोघांच्या मधल्या वयाची. फोडण्याचा मान तिचा नसे, पण चॉकलेटचा तुकडा हातात पडे. त्या घरातली तिची जागा यापेक्षा नेमकी सांगणे कठीण आहे.

इंग्लंडमध्ये ‘ओ पेअर’ हा शब्द 1890 च्या दशकात रुळू लागला, पण घरांआधी शाळांच्या संदर्भात. इंग्रज मुलीने फ्रान्स, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडमधल्या शाळेत आपली भाषा शिकवायची आणि त्या बदल्यात तिथल्या वर्गांना बसायचे. पैशांची देवघेव नाही, म्हणून ‘बरोबरीने’. मध्यमवर्गीय मुलीला नोकरी केल्याचा डाग न लागता परदेश पाहता येई, हा त्यातला खरा फायदा.

त्याच काळात लंडनमध्ये दुसऱ्या प्रकारच्या बायकाही परक्यांची मुले सांभाळत होत्या. मुंबई, कलकत्त्याहून निघणाऱ्या बोटींवर इंग्रज कुटुंबांबरोबर आया असत. बंदरात उतरल्यावर कुटुंबाला त्यांची गरज संपे आणि परतीच्या भाड्याची सोय असेलच असे नाही. अशा आयांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ चालवले जाई. 1900 पासून ते हॅकनी भागात होते आणि त्याचा कारभार लंडन सिटी मिशन या मिशनरी संस्थेकडे होता. त्या इमारतीवर 2022 मध्ये निळी स्मृतिपाटी बसवण्यात आली. आयेने मुलांना जोजवले, त्यांच्या आजारपणात रात्री जागवल्या, पण तिचे सणवार साहेबाच्या घराने मानावेत अशी अपेक्षाच कोणी केली नाही. काम बरेचसे तेच होते. ‘बरोबरी’ हा शब्द मात्र गोऱ्या, सुस्थित घरच्या मुलींसाठी राखीव होता, आणि ओ पेअरच्या गौरवगाथांमध्ये हे क्वचितच सांगितले जाते.

1930 च्या दशकात नाझी राजवटीपासून सुटण्यासाठी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या सुमारे 20,000 जणांनी, बहुतांशी ज्यू स्त्रियांनी, घरकामाच्या परवान्यावर ब्रिटन गाठले. त्या ओ पेअर नव्हत्या. जीव वाचवायला आलेल्या होत्या. यजमानांचा नाताळ त्यांनी पाहिला तो स्वयंपाकघराच्या दारातून.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधले मध्यमवर्गीय घर पूर्णवेळ नोकर ठेवण्याच्या स्थितीत राहिले नाही. स्कँडिनेव्हिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या मुलींना इंग्रजी हवे होते. दोन्ही गरजा जुळल्या आणि 1950-60 च्या दशकांत ओ पेअर हे लंडनच्या उपनगरांतले नेहमीचे दृश्य झाले. या मुलींनी आपापले सण बरोबर आणले. स्वीडिश मुलीबरोबर 13 डिसेंबरचा लुसिया आला: पहाटेच्या अंधारात पांढरा झगा, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, मागे गाणारी मुले आणि केशर घातलेले इंग्रजी एस अक्षराच्या वळणाचे पाव. सण पुरातन वाटला तरी स्वीडनमध्ये त्याला आजचे सार्वजनिक रूप 1927 मध्ये स्टॉकहोमच्या एका वृत्तपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा घेतल्यानंतर आले. जर्मन मुलीने आणलेले अ‍ॅडव्हेंटचे, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचे, चक्रही असेच अर्वाचीन. हॅम्बुर्गमध्ये अनाथ, गरीब मुलांचे आश्रयगृह चालवणाऱ्या योहान हिन्रिख विचर्न या पाद्र्याने 1839 मध्ये एका गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, त्या नाताळला किती दिवस उरले असे सतत विचारणाऱ्या मुलांसाठी. रोज एक छोटी आणि रविवारी एक मोठी. पुढे घरगुती चक्रावर रविवारच्या चारच राहिल्या. लहान मुलांना दिवस मोजायला शिकवण्याचे हे साधन मुले सांभाळणाऱ्या मुलींच्या हातूनच परदेशी घरांत शिरावे, यात नवल नाही.

घरात सण करता येत नसेल तर मुली आपल्या देशाच्या चर्चकडे वळत. लंडनमध्ये स्वीडिश, नॉर्वेजियन आणि डॅनिश चर्च मूळचे खलाशी आणि व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी. युद्धानंतर तिथल्या नाताळ बाजारांत आणि कॉफीच्या टेबलांवर ओ पेअर मुलींची गर्दी दिसू लागली. गावाकडच्या बोलीत तासभर बोलता येणे हाही सणाचाच भाग.

तोवर या व्यवहाराला देशोदेशी सारखे नियम असे नव्हते. 24 नोव्हेंबर 1969 रोजी स्ट्रासबर्ग येथे युरोप परिषदेने ओ पेअरविषयीचा करार सह्यांसाठी खुला केला. ओ पेअर विद्यार्थीही नाही आणि कामगारही नाही, दोहोंची लक्षणे असलेला तो वेगळा वर्ग आहे, असे त्यात म्हटले गेले. वय 17 ते 30, काम दिवसाला साधारण पाच तासांपर्यंत, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी. त्या सुट्यांपैकी महिन्यात निदान एक रविवारी असावी आणि उपासनेला जाण्याची पूर्ण मुभा असावी, हेही कलमात आले. सणाचा हक्क कागदावर येण्याची ही सुरुवात. करार मोजक्याच देशांनी मंजूर केला. ब्रिटनने केला नाही, आपली वेगळी योजना चालवली आणि 1993 पर्यंत ती मुलींपुरतीच ठेवली.

अमेरिकेने ही प्रथा 1986 मध्ये आणली आणि तिला सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसात बसवले. इथे कामाचे तास आठवड्याला 45 पर्यंत, युरोपच्या दीडपट. ‘देवाणघेवाण’ हे नाव असल्याने सणांना जाहिरातीत मोठी जागा मिळाली: भोपळे कोरणारी, थँक्सगिव्हिंगला टर्कीभोवती बसलेली परदेशी मुलगी. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा थँक्सगिव्हिंग नव्यागताला सोपाही जातो. त्यात पूजाविधी नाही, भेटवस्तूंचे ओझे नाही. जेवायचे आणि कृतज्ञता बोलून दाखवायची. पण नियमांची गंमत अशी की सरकारी सणांची सुटी ओ पेअरला द्यावीच असे बंधन त्यांत नाही. दर आठवड्याला दीड दिवस, महिन्यातून एक पूर्ण शनिवार-रविवार आणि वर्षात दोन आठवड्यांची भरपगारी सुटी एवढेच ठरलेले. त्यामुळे टर्कीच्या टेबलावर ती कुटुंबातली म्हणून बसली आहे की शेजारच्या खुर्चीतल्या तान्ह्याला भरवण्याच्या कामावर आहे, हे वेळापत्रकातून कळते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या ओ पेअरचा चेहरा बदलला. नॉर्डिक देशांत त्या मुख्यतः फिलिपिन्समधून येऊ लागल्या. पिळवणुकीच्या तक्रारींमुळे फिलिपिन्सने 1998 मध्ये ओ पेअर म्हणून जाण्यावर बंदी घातली, ती 2010 मध्ये नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडसाठी उठवली. डेन्मार्कमधल्या घरात 24 डिसेंबरची संध्याकाळ ठरलेली असते: भाजलेले बदक, साखरेत परतलेले बटाटे, लाल कोबी आणि शेवटी ‘रिसालामांड’ ही मलई घातलेली गार तांदळाची खीर. खिरीत एकच अख्खा बदाम, तो ज्याच्या वाटीत निघेल त्याला बक्षीस. मग झाडावरच्या मेणबत्त्या पेटवून सगळे हात धरून गात भोवती फिरतात.

फिलिपिनो मुलीचा नाताळ वेगळा. तो 16 डिसेंबरच्या पहाटे सुरू होतो, नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थना चालतात, खिडक्यांत चांदणीच्या आकाराचे ‘पारोल’ कंदील टांगलेले असतात. दिवाळीच्या आकाशकंदिलाची सवय असलेल्या डोळ्यांना ते लगेच ओळखीचे वाटतील. मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर ‘नोचे बुएना’चे जेवण होते. मनिलाचे घड्याळ हिवाळ्यात कोपनहेगनच्या सात तास पुढे असते. म्हणजे तिच्या घरी मध्यरात्र होऊन ताटे मांडली जातात, तेव्हा डेन्मार्कमध्ये संध्याकाळचे पाच वाजलेले असतात: बदक ओव्हनमध्ये, बटाटे कढईत, मुले नवे कपडे घालून सैरावैरा. घरच्यांना फोन लावायची वेळ आणि स्वयंपाकघरात हात हवे असण्याची वेळ एकच येते. अर्धा तास खोलीत जाऊ देणारी यजमानीण आणि न देणारी यजमानीण यांतला फरक कोणत्याही करारात लिहिलेला नाही.

ब्रिटनची ओ पेअर योजना 2008 मध्ये नव्या स्थलांतर व्यवस्थेत संपली. नॉर्वेने 15 मार्च 2024 पासून आपली योजना बंद केली. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली ती स्वस्त घरकामाची सोय बनली आहे, असे कारण त्यासाठी दिले गेले. ज्यांना परवाने आधीच मिळाले होते त्या मुलींना मुदत संपेपर्यंत राहता आले, म्हणजे त्या वर्षीच्या नाताळातही काही नॉर्वेजियन घरांच्या टेबलांवर त्या होत्या.