ग्रंथालय सेवक आणि सामाजिक संकेतस्थळे : ‘तेवीस गोष्टी’ या उपक्रमाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना इमारती, ग्रंथसंग्रह, वर्गीकरणपद्धती आणि कायदे यांची नोंद आवर्जून घेतली जाते. परंतु देवघेव कक्षात उभा असणारा सेवक नवे काम कसे शिकला, याची नोंद क्वचितच आढळते. इ.स. २००६ मध्ये अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात, शार्लट शहर व मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या सेवकांसाठी ‘लर्निंग २.०’ हा उपक्रम राबविला. पुढे तो ‘तेवीस गोष्टी’ या नावाने जगभर ओळखला गेला. प्रस्तुत निबंधात या उपक्रमाची पार्श्वभूमी, स्वरूप, प्रसार व परिणाम यांचा आढावा घेतला आहे. जे संस्थेने व तिच्या सेवकांनी आत्मसात केले तेवढेच टिकले. जे परक्या संकेतस्थळांच्या भरवशावर राहिले त्यातील बरेचसे लोपले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पार्श्वभूमी

ग्रंथालय सेवकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न जुनाच आहे. मेलविल ड्युई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्राचे पहिले विद्यालय सुरू केले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. मद्रासमध्ये १९२९ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी असाच वर्ग उभारला. या तिन्ही प्रयत्नांत शिक्षक, अभ्यासक्रम आणि वर्ग ही चौकट समान होती. जाणत्याने सांगावे आणि नवशिक्याने ग्रहण करावे, हे तिचे गृहीतक होते.

इ.स. २००० नंतर आंतरजालाचे स्वरूप बदलू लागले. विकिपीडिया २००१ मध्ये, दुवे साठविण्याचे डिलिशिअस हे संकेतस्थळ २००३ मध्ये, छायाचित्रांचे फ्लिकर २००४ मध्ये, तर लायब्ररीथिंग आणि यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. येथे वाचणारा स्वतः लिहीत होता, छायाचित्रे चढवीत होता आणि आपल्या शब्दांत त्यांना खुणेची नावे, म्हणजेच ‘टॅग’, देत होता. २००४ मधील परिषदेपासून या बदलास ‘वेब २.०’ म्हटले जाऊ लागले. त्याच धर्तीवर मायकेल केसी यांनी २००५ मध्ये ‘लायब्ररी २.०’ ही संज्ञा रूढ केली. तिला विरोधही झाला. वॉल्ट क्रॉफर्ड यांनी जानेवारी २००६ मध्ये या संज्ञेची सविस्तर चिकित्सा करून, तिच्याभोवतीच्या घोषणाबाजीवर आक्षेप घेतला. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे रंगनाथन यांचे १९३१ मधील पाचवे सूत्र लक्षात घेता हा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता.

मात्र या वादाहून निकडीचा प्रश्न वेगळा होता. वाचक ज्या साधनांचा सर्रास वापर करीत होते, ती अनेक सेवकांनी हाताळलेलीच नव्हती. अशा स्थितीत वाचकास मार्गदर्शन कोणी करावयाचे?

उपक्रमाचे स्वरूप

शार्लट येथील ग्रंथालयात तंत्रज्ञानविषयक जबाबदारी सांभाळणाऱ्या हेलीन ब्लोअर्स यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले. स्टीफन एब्रॅम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये एका व्यावसायिक नियतकालिकात ग्रंथपालांनी वर्षभरात करून पाहण्याजोग्या ४३ गोष्टींची यादी दिली होती. तिच्यापासून प्रेरणा घेऊन ब्लोअर्स यांनी २३ गोष्टींचा, नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. ऑगस्ट २००६ मध्ये त्याचा प्रारंभ झाला.

कार्यक्रमाची रचना साधी होती. प्रथम आजीवन शिक्षणाच्या ‘साडेसात सवयी’ समजून घ्यावयाच्या. त्यांतील शेवटची, अर्धी सवय होती ‘खेळणे’. त्यानंतर प्रत्येकाने स्वतःची अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, सुरू करावयाची आणि पुढील प्रत्येक गोष्टीचा अनुभव तीत नोंदवावयाचा. फ्लिकरवरील छायाचित्रे, आर.एस.एस. वाचक, लायब्ररीथिंगवरील ग्रंथसूची, डिलिशिअसवरील टॅग, विकी, यूट्यूब, पॉडकास्ट, ध्वनिपुस्तके अशी क्रमाने वाटचाल होती. तेविसावी गोष्ट म्हणजे संपूर्ण अनुभवाचे स्वतःच्या शब्दांत सिंहावलोकन.

या उपक्रमात प्रशिक्षणवर्ग नव्हता, परीक्षा नव्हती आणि सहभाग ऐच्छिक होता. टोपणनावाने लिहिण्याची मुभा होती. अडल्यास सहकाऱ्यास विचारावे, हीच अपेक्षा होती. मुदतीत पूर्ण करणाऱ्यास एमपी३ प्लेअर देण्यात आला आणि सोडतीद्वारे लॅपटॉपही ठेवण्यात आला. उपक्रम संगणक विभागातील जाणकारांपुरता मर्यादित नव्हता. तो सर्व शाखांतील सेवकांस खुला होता. ड्युई ते रंगनाथन या परंपरेतील चौकट येथे उलटी झाली. चुकण्याची लाज न बाळगता करून पाहणे, हेच शिक्षण ठरले.

या गोष्टींपैकी टॅग देण्याचा अनुभव व्यावसायिकदृष्ट्या विशेष महत्त्वाचा म्हणावा लागेल. तालिकीकरणात विषयशीर्षके प्रमाणित असतात. एका विषयास एकच शीर्षक, हा त्यांचा दंडक. टॅगमध्ये मात्र वाचक आपल्याला सुचेल तो शब्द वापरतो. प्रमाणित शीर्षकाचे बळ नेमकेपणात आहे, तर टॅगचे बळ वाचकाच्या भाषेत. हा भेद परिभाषेतून समजणे निराळे आणि स्वतः टॅग देऊन अनुभवणे निराळे.

प्रसार

ब्लोअर्स यांनी हा कार्यक्रम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला ठेवला. त्यामुळे इतरांना तो आपल्या गरजेनुसार बदलून घेता आला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळील यारा प्लेन्टी प्रादेशिक ग्रंथालयाने तो लवकरच स्वीकारला. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याची डच आवृत्ती निघाली, २००८ मध्ये मिनेसोटात ‘२३ थिंग्ज ऑन अ स्टिक’ या नावाने तो राबविला गेला आणि २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठातील ग्रंथपालांनीही तो हाती घेतला. ऑस्ट्रेलियातील सार्वजनिक ग्रंथालयांतील परिणामांचा मायकेल स्टीफन्स व वॉरन चीटम यांनी अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षांत सेवकांचा वाढलेला आत्मविश्वास ठळकपणे नोंदविला आहे.

साधनांचे भवितव्य

यादीतील साधने मात्र अल्पायुषी ठरली. ज्या ‘४३ थिंग्ज’ संकेतस्थळावरून मूळ कल्पनेचे नाव आले, ते बंद पडले. टेक्नोराटीचा ब्लॉगशोध आणि रोल्यो इतिहासजमा झाले. आर.एस.एस. वाचकांमधील लोकप्रिय गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. डिलिशिअस २०१७ मध्ये विकले जाऊन केवळ वाचनापुरते उरले. या संकेतस्थळांवर सेवकांनी कष्टाने जमविलेले दुवे आणि टॅग यांचे भवितव्य कंपन्यांच्या निर्णयावर अवलंबून होते. जतन हेच ज्या व्यवसायाचे ब्रीद, त्याच्यासाठी ही बाब गंभीर आहे.

याच्या उलट उदाहरण लायब्ररी ऑफ काँग्रेसचे आहे. जानेवारी २००८ मध्ये या संस्थेने तीन हजारांहून अधिक जुनी छायाचित्रे फ्लिकरवर ठेवली. स्थळे, व्यक्ती, प्रसंग यांविषयी वाचकांनी माहिती पुरविली. संस्थेच्या सेवकांनी ती पडताळून स्वतःच्या तालिकेत समाविष्ट केली. ऑक्टोबर २००८ च्या अहवालानुसार पाचशेहून अधिक नोंदी अशा रीतीने समृद्ध झाल्या होत्या. उद्या फ्लिकर राहो वा न राहो, त्या नोंदी ग्रंथालयाच्या झाल्या. साधन परके असले तरी चालते; नोंद घरी आणली पाहिजे.

सेवकांचे स्थान

साधने गेली तरी सेवकांचे कौशल्य उरले, असे म्हणून येथे थांबता येत नाही. मार्च २०१० मध्ये आर्थिक तुटीमुळे शार्लटच्या याच ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी २४ पैकी १२ शाखा बंद करण्याचा निर्णय घेतला. नागरिकांचा विरोध व देणग्या यांमुळे तो मागे घेण्यात आला. तथापि त्याच वर्षी सेवकसंख्या व कामाच्या वेळा यांत मोठी कपात झाली. जगाला शिकण्याचा नवा मार्ग दाखविणाऱ्या ग्रंथालयातील शिकलेली माणसेच असुरक्षित ठरली. संकेतस्थळ बंद पडल्यास दुसरे शोधता येते. अनुभवी सेवक गेल्यास त्याच्यासोबत संस्थेचे शिक्षणही जाते.

निष्कर्ष

‘तेवीस गोष्टी’ या उपक्रमाचे ऐतिहासिक महत्त्व त्यातील साधनांत नसून शिकण्याच्या रीतीत आहे. सेवक हा केवळ आज्ञा पाळणारा नसून स्वतः शोध घेऊ शकणारा आहे, यावर त्याने विश्वास ठेवला. त्याच वेळी परक्या संकेतस्थळावरील नोंदींची प्रत संस्थेकडे असणे, तसेच शिकलेल्या सेवकास संस्थेत स्थैर्य असणे, या दोन अटींवाचून असे शिक्षण टिकत नाही, हेही या इतिहासातून दिसून येते.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. त्यांपैकी लहान ग्रंथालयांत अनेकदा सारा भार एकाच सेवकावर असतो. अशा सेवकास नवे साधन पुरविण्यापूर्वी ते हाताळून पाहण्यास वेळ, चुकण्याची मुभा आणि पदाची शाश्वती दिली गेली, तर बडोद्यात १९११ मध्ये सुरू झालेले कार्य खऱ्या अर्थाने पुढे गेले, असे म्हणता येईल.