मोडतोड आणि डागडुजी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. सायकलची ट्यूब, स्टोव्हचा वायसर, कुकरची रिंग यांनाही काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ज्याला आपण संसार म्हणतो तो यांच्याच जोरावर चालतो. आणि यांपैकी एखादी वस्तू ऐन वेळी रुसून बसली की घरातला तह मोडावयास विलंब लागत नाही! स्मरणिकेसाठी काही लिहा, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी ठरविले की, या रोजच्या मोडतोडीचीच कुळकथा भगिनींपुढे ठेवावी.

वस्तू मोडावयाच्याच. ते कोणत्याही काळी चुकलेले नाही. प्रश्न तीनच असतात. मोडलेले जोडणारा हात कोठे आहे? लागणारा सुटा भाग मिळतो कोठे? आणि तोवर खोळंबा कोणाचा होतो? गेल्या शे-दीडशे वर्षांत या तीन प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली, ते पाहिले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

‘टायर’ हा शब्द आपल्याकडे येण्यापूर्वी बैलगाडीच्या चाकाला ‘धाव’ असे. धाव म्हणजे लोखंडी पट्टीचे कडे. ते चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करावयाचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवावयाचे, फुगले की चाकावर चढवावयाचे आणि वरून भराभर पाणी ओतावयाचे. निवताना कडे आकसे आणि आरे, तुंबा, लाकडी घेर सगळे एकजीव होऊन बसे. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव ढिली पडे. मग शेतकरी चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत घाली. हे काम गावचे सुतार आणि लोहार मिळून करीत. ते बलुतेदार. त्यांना दर कामाला पैसे मिळत नसत. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा मिळे. त्यामुळे दुरुस्तीला माणूस शोधीत हिंडावे लागत नसे. तो गावातच होता, आणि तुमचे औत नीट चालण्यावर त्याचेही पोट अवलंबून होते.

हे ऐकावयास फार गोड वाटते. पण ते रामराज्य नव्हते. लोहाराच्या मुलाने लोहारच व्हावे, हा त्या व्यवस्थेचा पाया होता. वाट्याला किती धान्य यावे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर राही. ज्यांच्या वाट्याला हलकी म्हटलेली कामे आली त्यांना धान्याबरोबर अपमानही घ्यावा लागे. म्हणून तो काळ परत यावा असे मी म्हणणार नाही. त्यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, ती ही की, बनविणारा आणि दुरुस्त करणारा हे दोघे हाकेच्या अंतरावर होते.

घरातील दुरुस्ती दाराशी चालून येई. ‘कल्हई लावायची का कल्हईऽ’ ही आरोळी आपल्यापैकी वयस्क भगिनींच्या कानांत अजून असेल. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो आणि पोटाला बाधतो. म्हणून भांडे कोळशावर तापवून, नवसागर टाकून, आतून कथलाचा पातळ हात फिरविणे हे काही नटवेपणाचे काम नव्हते, ते आरोग्याचे काम होते. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बायका येत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येई. आणि जे कोणीच घेत नसे त्या चिंध्यांची गोधडी घरातल्या बाईच्या हातून होई. पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली आणि कल्हईवाल्याचा भाता निवाला. स्टील कळकत नाही, ही सोय मोठीच. पण एका कारागिराचे आपल्या ओट्यावरचे येणे संपले, हेही खरे.

आता रबराकडे वळू. नुसते रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. ते गंधकाबरोबर तापविले की टिकाऊ होते, हा शोध अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली लागला. हवा भरलेल्या चाकाचे पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच घेतले होते. पण ते मागे पडले. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावे म्हणून पुन्हा हवेचे टायर केले, आणि १८८८ साली पेटंट घेतले. म्हणजे या साऱ्या टायर-धंद्याच्या मुळाशी मुलाचे हाड दुखू नये अशी बापाची काळजी आहे!

नेमक्या त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे छोटे दुकान काढले. सायकली विकावयाच्या आणि दुरुस्त करावयाच्या. त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. एका मोठ्या उद्योगाची मुळे दुरुस्तीच्या दुकानात सापडतात, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे. ज्याने वस्तू उघडून पाहिली त्यालाच पुढे नवी वस्तू सुचते. याच घराण्याने १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले. बाईच्या हाती लेखणी यावी, यासाठी त्या काळी पुष्कळ खटपट झाली. तिच्या हाती पाना यावा, यासाठी मात्र फारशी कोणी केली नाही.

टायर ही वस्तू किती परावलंबी, ते दुसऱ्या महायुद्धात कळले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायातील रबराचे मळे जपानच्या हाती गेले आणि टायर सोन्याच्या मोलाचे झाले. पेट्रोलही मोजून मिळे. कित्येक मोटारी लाकडी कोळशाच्या वायूवर चालविल्या गेल्या. फाटलेल्या टायरच्या आत दुसऱ्या टायरचा तुकडा घालून गाडी रेटावयाची विद्या त्या काळातलीच. त्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली एस. टी. धावली. पुढे एस. टी. ने दापोडीसारखे स्वतःचे मोठे कारखाने उभारले. गाव तेथे गाडी न्यावयाची तर कारखानाही स्वतःचा पाहिजे, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

ज्याला आपण आजही ‘स्टेपनी’ म्हणतो, तो शब्दही मजेचा आहे. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनविण्याचा धंदा निघाला. तो केव्हाच मागे पडला; पण भिवंडीच्या गोदामांतून माल नेणारा प्रत्येक ट्रकवाला त्या रस्त्याचे नाव अजून घेतो.

आता आपल्या निजामपुऱ्याकडे येऊ. महानगरपालिकेच्या नावात भिवंडीला जोडून निजामपूर आहेच. येथे १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातून पद्मशाली आले आणि हे गाव मागाचे गाव झाले. हातमाग घरात होता तोवर सूत उकलणे, कांड्या भरणे ही कामे बहुतेक बायकांचीच असत. त्यामुळे मागाचे दुखणेखुपणे त्यांनाही कळे. वीज आली, यंत्रमाग आले, माग घरातून कारखान्यात गेला आणि पाना जॉबरच्या खिशात गेला. बाईच्या वाट्याला धागे कापणे, गुंता सोडविणे असली कामे राहिली.

इथले पुष्कळ यंत्रमाग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्यांचे काम आणि मागही आपल्याकडे अधिकच लोटले. ज्याला तिकडे भंगार म्हटले त्यावर इकडे हजारो चुली पेटल्या, त्या कोणाच्या बळावर? धोटा घासला, पिकर फाटला, पट्टा तुटला, दात झिजला, तरी गल्लीतल्या लेथवर तसाच भाग तासून घेता येत होता, म्हणून. भिवंडीचे भांडवल नुसते माग नव्हेत. मोडका माग पुन्हा चालता करणारे हात हे आहे. त्या भंगाराचा खडखडाट आपल्या कानांनी सोसला आणि तंतूंचा कुसा फुप्फुसांनी गिळला, हाही हिशेब त्याच वहीत लिहावयास हवा.

सायकलच्या दुकानाची गोष्टही तीच. मी या भागात सून म्हणून आले तेव्हा कोपऱ्यावर एक चाचा बसत. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवीत, कानसीने घासून, सोल्युशन लावून ठिगळ बसवीत. आपले दुखणे कोठे आहे, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसे. निकामी झालेली ट्यूब ते फेकीत नसत. तिच्या पट्ट्या कापून देत. आमच्या मोरीतला गळका पाईप अशाच एका पट्टीने सहा वर्षे बांधलेला होता.

दुरुस्तीच्या या कथेत एक काळे पान आहे, ते वगळून चालणार नाही. रॉकेलचा दाबाचा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला आणि चुलीच्या धुरातून त्याने आपल्याला सोडविले. त्याची पिन करणे, वायसर बदलणे, बर्नर साफ करणे हे बायका स्वतः शिकल्या. तरीही ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ अशी बातमी वर्तमानपत्रात वरचेवर येई. १९८० च्या सुमारास स्त्रियांच्या संघटनांनी सरळ प्रश्न विचारला : स्टोव्ह सुनेच्याच हातात कसा भडकतो? सासूच्या किंवा नणंदेच्या का नाही? त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९८३ साली दंडविधानात ४९८ अ हे कलम आले आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४ ब. काही भडके खरोखर नादुरुस्त भागांमुळेही उडाले असतील. पण किती तरी वेळा माणसाचा गुन्हा बिचाऱ्या वायसरच्या माथी मारला गेला. यंत्राची माहिती बाईला असणे किती जरुरीचे, ते यावरून दिसेल. ज्या भगिनीला स्टोव्ह कशाने फुटतो आणि कशाने फुटत नाही हे ठाऊक, तिला फसविणे अवघड.

१९५९ पासून भारतात बनू लागलेला प्रेशर कुकर आजही घरोघर टिकून आहे. कारण उघड आहे. त्याची रिंग, शिट्टी, सुरक्षेचा व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळतात आणि आपल्या आपल्याला बसविता येतात. उलट परवा माझ्या मिक्सरचा तळाचा एक वीतभरही नसलेला प्लास्टिकचा भाग झिजला. दुकानदार म्हणाला, “काकी, हा भाग आता येत नाही, नवीनच घ्या.” मोटर ठणठणीत, भांडी चकचकीत, आणि एवढ्याशा तुकड्यापायी सगळे भंगारात! हा मिक्सर मी विकत घेतला होता की भाड्याने आणला होता, असे मला क्षणभर वाटले. जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही आणि जिचा भाग मिळत नाही, तिचे मालक आपण नावापुरतेच.

हे केवळ माझे गाऱ्हाणे नव्हे. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, त्यासाठी संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती यंत्रे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. परंतु ग्राहकाने विचारलेच नाही तर हक्क कागदावरच राहतो. १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायत उभी राहिली, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र येऊन माल खरेदी केला म्हणून. आणि ते काम चालविण्यात गृहिणींचा वाटा मोठा होता.

तेव्हा मंडळापुढे तीन साध्या सूचना ठेवते. पहिली : नवी वस्तू घेताना किंमत विचारण्याआधी सुटे भाग मिळतील का आणि ती स्क्रूने उघडते की चिकटवून बंद केली आहे, हे विचारावे. दुसरी : मंडळाच्या कपाटात एक वही ठेवावी. तीत शिलाई यंत्र, कुकर, पंखा, सायकल, नळ यांची कामे प्रामाणिकपणे करणाऱ्या आपल्या भागातील कारागिरांची नावे, त्यांच्या संमतीने, लिहावीत. कोणत्या कामाला किती पैसे घेतले तेही लिहावे. तिसरी : महिन्यातून एका रविवारी आपल्या मुलींसाठी वर्ग घ्यावा. नळाची चकती बदलणे, पंक्चर काढणे, शिलाई यंत्राला तेल देऊन पट्टा बसविणे, इतक्यापासून आरंभ करावा. विजेचे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकवावे.

सुई-दोरा आपण मुलींच्या हाती कधीच दिला. आता त्याच डब्यात एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक पाना ठेवावा. पुढील वर्धापनदिनापर्यंत दहा मुलींना एवढे आले, तरी मंडळाचे वर्ष सत्कारणी लागले, असे मी समजेन.