रापण: दोरी, वाटा आणि बारा मैलांची रेघ

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडले जाते, दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूत उभ्या असलेल्या माणसांच्या हाती राहतात आणि जाळ्याच्या कवेत आलेली मासळी याच माणसांच्या ताकदीवर किनाऱ्याला लागते. सिंधुदुर्गाच्या १२१ किलोमीटर किनारपट्टीवर जिथे जिथे लांब, सपाट पुळण आहे तिथे रापण चालत आली: मालवणची दांडी आणि चिवला, तारकर्ली, देवबाग, तळाशील, आचरा, निवती, वेंगुर्ले. तळाशी खडक असेल तिथे ती चालत नाही, कारण खालची दोरी अडकते आणि जाळे फाटते. दक्षिणेला गोव्यात हीच रांपण, तिथले तिचे मच्छीमार रांपणकार. कारवार-उडुपीकडे ती रंपणी. राज्यांच्या सीमा नंतर आल्या, जाळे त्याआधीचे आहे.

पावसाळा सरून समुद्र निवळला, की बांगडा, तारली, पेडवे यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. पाण्याचा बदललेला रंग, पृष्ठभागावरची थरथर आणि वर घिरट्या घालणारे पक्षी यांवरून जाणता माणूस थवा ओळखतो. मग एक दोरी किनाऱ्यावर ठेवून होडी निघते. वल्हेकरी थव्याला वळसा घालतात, होडीतून जाळे सुटत जाते आणि दुसरी दोरी घेऊन होडी काही अंतरावर पुन्हा पुळणीला लागते. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात आणि ओढ सुरू होते. ही ओढ एकसारखी असावी लागते. एक बाजू पुढे गेली तर जाळे तिरके होऊन मासळी मोकळ्या बाजूने निसटते. खालची दोरी तळ सोडून वर आली तर मासळी जाळ्याखालून निघून जाते. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात, शेवटी जाळ्याचा मधला, बारीक आसाचा (म्हणजे छिद्रांचा) आणि जाड दोऱ्याचा भाग उथळ पाण्यात येतो. या सगळ्याला काही तास लागतात आणि तीस-चाळीस माणसे तरी लागतात. मोठ्या रापणीला त्याहून जास्त.

इतकी माणसे लागतात म्हणूनच रापण कधी एकट्यादुकट्याची होऊ शकली नाही. ती संघाची असते. किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो, खर्च वजा जातो आणि उरलेल्याचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, तांडेलाचा, म्हणजे म्होरक्याचा, थोडा अधिक, ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक. म्हातारा माणूस, शाळकरी पोर, वाटेने जाताना दोरीला हात लावणारा शेजारी, यांनाही खाण्यापुरती मासळी मिळते. एकाच पुळणीवर दोन-तीन रापणी असतील तर पाळ्या ठरतात आणि पाळी मोडणे हा गावातला गंभीर गुन्हा मानला जातो. सरकारने समुद्राचे पट्टे आखण्याच्या कितीतरी आधी कोणी, कुठे आणि केव्हा जाळे टाकावे याचा हा लिखाणाविना चाललेला कायदा होता, आणि तो पाळला जात असे, कारण तो मोडणारा रोज डोळ्यांसमोर असे.

सिंधुदुर्गात रापण मुख्यतः गाबित समाजाची. जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या, १८८० सालच्या रत्नागिरीच्या गॅझेटिअरमध्ये दक्षिणेकडच्या बंदरांतले दर्यावर्दी आणि मच्छीमार म्हणून गाबितांची नोंद आहे. त्या काळचे जाळे तागाच्या आणि सुताच्या धाग्याचे, दोर काथ्याचे. वरच्या दोरीला हलक्या लाकडाचे तरंगते तुकडे, खालच्या दोरीला वजने. सूत खाऱ्या पाण्यात कुजते, म्हणून झाडांच्या साली उकळून काढलेल्या तपकिरी रसात जाळी बुडवायची आणि वाळवायची. वर्षातले कित्येक दिवस जाळी विणणे, शिवणे आणि रंगवणे यांत जात. जाळे टिकाऊ नव्हते, पण ते नवे करण्याचे सगळे ज्ञान आणि जवळजवळ सगळे साहित्य गावात होते. १९६० च्या दशकापासून नायलॉन आले आणि हा हिशोब उलटा झाला. नायलॉन कुजत नाही, हलके असते, त्याला साल लागत नाही. त्याने मच्छीमाराचे कष्ट खरोखर वाचवले. मात्र धागा आता कारखान्यातून विकत आणावा लागला आणि समुद्रात तुटून गेलेले जाळे वर्षानुवर्षे मासळी मारत राहू लागले.

या काळातच समुद्रात यंत्रे उतरत होती. त्यांची सुरुवात जुनी आहे. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेवरचा ट्रॉलर मुंबईबाहेरच्या समुद्रात चालवून पाहिला होता. तो व्यवहार फायद्याचा ठरला नाही. खरे वळण आले ते १९५२ मध्ये झालेल्या भारत-नॉर्वे करारातून. केरळात कोल्लमजवळ नींदकरा येथे उभ्या राहिलेल्या त्या प्रकल्पाचा उद्देश छोट्या मच्छीमाराला यांत्रिक होडी देण्याचा होता. पण १९५३ पासून कोचीहून गोठवलेली कोळंबी परदेशी जाऊ लागली होती, अमेरिका आणि जपानमध्ये तिला मागणी होती आणि तळ खरवडणारे ट्रॉल जाळे कोळंबीसाठीच उत्तम. त्यामुळे गरिबाच्या नावाने सुरू झालेले यांत्रिकीकरण निर्यातदाराच्या गरजेनुसार वाढले. कर्ज आणि अनुदान सहकारी संस्थांमार्फत येई. ट्रॉलर घेण्याची ऐपत आणि तारण ज्याच्याकडे होते, त्याला ते मिळे. रापण ओढणाऱ्याकडे तारण ठेवायला दोन हातच होते.

ट्रॉलर खोल समुद्रात राहिले असते तर वाद झाला नसता. कोळंबी मात्र उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ असते. ट्रॉलर तिथेच येऊ लागले, तळावरची अंडी-पिल्ले खरवडू लागले आणि पारंपरिक जाळी तोडू लागले. गोव्यात १९७० च्या दशकात मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रांपणकार संघटित झाले. त्यांची मागणी साधी होती: किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा आमच्यासाठी राखा. त्या लढ्यातूनच मच्छीमारांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. गोवा आणि केरळ यांनी १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले, महाराष्ट्राने १९८१ मध्ये. आज मंत्रालयातून निघणारा मासेमारीचा प्रत्येक आदेश ज्या कायद्यावर उभा आहे, त्याची मुळे अशी पुळणीवरच्या माणसांच्या मागणीत आहेत. हे लक्षात ठेवले म्हणजे त्या कायद्याचे पुढे जे झाले ते अधिक लागते.

पुढचे यंत्र रापणीचेच दूरचे नातेवाईक होते. पर्ससीन हेही थव्याला वेढणारे जाळे, पण त्याला किनारा लागत नाही. भर समुद्रात वर्तुळ पूर्ण करायचे आणि तळाच्या कड्यांतून गेलेली दोरी खेचून बटव्याचे तोंड आवळावे तसे जाळे खालून बंद करायचे. हे तंत्र एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वाढले. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मारियो पुरेतिच या मच्छीमाराने यंत्रावर फिरणारी जाळे ओढण्याची कप्पी शोधली आणि डझनावारी माणसांचे काम थोड्यांवर आले. कर्नाटकात १९७० च्या दशकाच्या मध्यावर मंगळूर-मालपे भागात पर्ससीन झपाट्याने पसरले. काही वर्षांतच तिथली रंपणी जवळजवळ नाहीशी झाली. रंपणीतले अनेक जण पर्ससीनचे भागीदार झाले, उरलेल्यांच्या दोऱ्या रिकाम्या राहिल्या. सिंधुदुर्गातल्या रापणकरांनी हे शेजारच्या किनाऱ्यावर घडताना पाहिले होते. त्यामुळे रत्नागिरीकडून आणि गोवा-कर्नाटकाकडून पर्ससीन त्यांच्या पाण्यात आले तेव्हाचा त्यांचा राग हा प्रगतीला नकार नव्हता. पुढे काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक होते.

रापण आणि पर्ससीन यांतला फरक आकाराचा वाटतो, पण तो त्याहून खोल आहे. रापण दोरीच्या लांबीपलीकडे जात नाही. थवा किनाऱ्याला यावा लागतो. जो येत नाही तो वाचतो. ओढणारी माणसे थकतात, पाळी बदलते, वारा फिरला की काम थांबते. रापणीच्या बारीक आसात पिल्लेही सापडतात हे खरे आहे, आणि ते नुकसानच आहे. पण त्या नुकसानाला हद्द आहे. पर्ससीन थव्याच्या मागे जाते, आख्खा थवा उचलते, आणि डिझेल असेपर्यंत थकत नाही. इतकी मासळी एकाच वेळी बंदरात आली की भाव पडतो, मग जादा तारली पश्चिम किनाऱ्यावरच्या फिशमीलच्या कारखान्यांकडे वळते. मालवणच्या ताटातली मासळी अशी कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याची पोती होते. यात कोणा एका बोटमालकाचा दुष्टपणा शोधून उपयोग नाही. लाखोंचे कर्ज डोक्यावर असलेली बोट बंदरात उभी राहूच शकत नाही, आणि ज्या बँकेने, ज्या योजनेने ते कर्ज दिले तिने समुद्रात मासळी किती आहे हे विचारले नव्हते.

पर्ससीनच्या प्रश्नावर महाराष्ट्र सरकारने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०१२ मध्ये पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने घटवून १८२ वर आणण्याची शिफारस केली. अहवालावर आदेश निघायला ५ फेब्रुवारी २०१६ उजाडला. त्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला. कागदावर हा पारंपरिक मच्छीमारांचा मोठा विजय होता. पाण्यात मात्र वेगळेच झाले. विनापरवाना छोटी पर्ससीन जाळी वाढली आणि त्यांच्या जोडीला प्रकाशझोत आला. जनरेटरवर चालणारे प्रखर एलईडी दिवे पाण्यावर आणि पाण्यात सोडायचे, अंधारात मासळी उजेडाकडे गोळा झाली की जाळे आवळायचे. थवा ओळखणारी नजर आता लागत नव्हती. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली.

बंदी असूनही दिवे का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी बारा मैलांच्या रेघेत आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याचे. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचे. मासळीला ही रेघ माहीत नाही, बोटीला चांगली माहीत आहे. गस्ती नौका येते तेव्हा बोट रेघेच्या बाहेर असते, नौका गेली की आत. पकडली गेलीच तर १९८१ च्या कायद्यात दंड मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत होता, आणि खटला महसुलाच्या कामात बुडालेल्या तहसीलदारापुढे चाले. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांवर नेला आणि निवाड्याचे काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे दिले. जानेवारी २०२५ पासून राज्याने ड्रोनने टेहळणी सुरू केली. या सुधारणा योग्यच आहेत. तरीही एक गोष्ट खटकते. एलईडीचे संच आणि मोठे जनरेटर रात्री समुद्रात उगवत नाहीत. ते दिवसाढवळ्या बंदरात बोटीवर चढतात. जेटीवर तपासणी करायला ड्रोन लागत नाही, आदेश आणि तो पाळण्याची इच्छा लागते.

रापणीवर दुसऱ्या बाजूनेही कायदा आला. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. प्रवाळ आणि समुद्री जीव राखण्याचा हेतू चांगला होता, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळे टाकणाऱ्यांचा विरोध कायम राहिला. ज्यांचे जाळे सर्वांत कमी ओरबाडते त्यांच्याच दारात संरक्षणाचा फलक लागला.

आज रापण चालू आहे, पण आक्रसलेली. पुळणीवर पर्यटकांच्या बोटी, जलक्रीडेचे तंबू आणि गाड्या उभ्या असतात. जाळे लावायला आणि वाळवायला लागणारी मोकळी वाळू कमी झाली आहे. जाळ्यात प्लॅस्टिक आणि जेलीफिश येतात. तरुण मुले स्कूबाच्या बोटीवर किंवा मुंबई-गोव्यात काम धरतात, त्यामुळे दोरीला हात कमी पडतात आणि काही संघ बाहेरून मजूर आणतात. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, वल्ह्यावरची रापण तीत येत नाही. बंदी उठली की ऑगस्टमध्ये ट्रॉलर बाहेर पडतात आणि १ सप्टेंबरला पर्ससीनचा हंगाम उघडतो, म्हणजे बांगडा-तारलीचे थवे किनाऱ्याकडे वळण्याच्या ऐन वेळी. रापणकरांच्या आजच्या तक्रारीचा गाभा या तारखेत आहे.