चुटपुटीचा हिशेब

पश्चात्ताप आणि चुटपुट हे दोन शब्द मराठीत निरनिराळे आहेत, हे फार बरे झाले. पश्चात्तापाला काहीतरी दुष्कृत्य लागते. चुटपुटीला न धरलेली वाट पुरते. अर्थशास्त्रात जिने शिरकाव केला ती ही चुटपुट. आणि जो तिला आत घेऊन आला, त्यालाच तिचे नाव आवडत नव्हते!

संख्याशास्त्रज्ञ आब्राहम वाल्ड अमेरिकेहून व्याख्यानांसाठी भारतात आले असता १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह मृत्यू पावले. पुढचे काही ठाऊक नसताना निर्णय कसा करावा, यावरचा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला होता. प्रत्येक मार्गाने वाईटात वाईट काय होईल ते पाहावे आणि त्यांतले सर्वांत सौम्य ते पत्करावे, हा त्यातला एक नियम. १९५१ साली या ग्रंथाचे परीक्षण करताना लिओनार्ड सॅव्हेज यांनी वेगळे माप सुचवले. नुसते नुकसान मोजू नये. परिस्थिती आधी कळली असती तर जे मिळाले असते, त्याहून प्रत्यक्षात किती कमी मिळाले ते मोजावे. लोक या फरकाला चुटपुट म्हणू लागले. सॅव्हेज यांना तो शब्द भावनेने भिजलेला वाटे. त्यांनी ‘तोटा’ हा कोरडा शब्दच ठेवला. आपण काय गमावले हे माणसाला कळतेच, असा भलता समज त्या शब्दाने होईल, हाही त्यांचा एक आक्षेप होता.

१९५२ साली पॅरिसच्या परिषदेत जेवताना मोरिस अ‍ॅले यांनी सॅव्हेज यांना एक कोडे घातले. वाचकांनीही मनाशी उत्तर द्यावे. हमखास १० कोटी फ्रँक हवेत, की अशी सोडत, जिच्यात १० टक्के संभव ५० कोटींचा, ८९ टक्के १० कोटींचा आणि १ टक्का हात हलवीत परतण्याचा? आता दुसरा प्रश्न. ११ टक्के संभवाने १० कोटी, की १० टक्के संभवाने ५० कोटी? सॅव्हेज यांनी पहिल्यात खात्री घेतली, दुसऱ्यात ५० कोटी. बहुतेक लोक हेच करतात. पण सॅव्हेज यांच्या स्वतःच्या सिद्धान्ताप्रमाणे ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

१९५४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे उघड कबूल केले. १०० तिकिटांचा तक्ता मांडला. १२ ते १०० क्रमांकांना कोणत्याही निवडीने फरक पडत नाही हे दाखवले आणि आपले दुसरे उत्तर बदलले. हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. दुरुस्ती मात्र पटत नाही.

१९८२ साली ग्रॅहम लूम्स व रॉबर्ट सग्डेन यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बेल यांनी, वेगळाच विचार मांडला: माणूस उद्याची चुटपुट आजच हिशेबात धरतो, आणि यात वेडेपणा काही नाही. पहिल्या प्रश्नात सोडत घेऊन रिकामे परतलो, तर पदरातले १० कोटी आपल्याच हाताने घालवले हे पक्के ठाऊक असते. दुसऱ्यात दोन्ही सोडती वेगवेगळ्या निघत असतील, तर हरणाऱ्याला म्हणता येते की, तिकडेही बहुधा काही मिळाले नसतेच. डंख बोथट होतो. सॅव्हेज यांच्या तक्त्यात मात्र दोन्हीकडे तेच तिकीट चालते, म्हणून दोन्ही प्रश्नांत चुटपुट सारखीच. म्हणजे तक्ता मांडताना प्रश्नच नकळत बदलला होता.

आणि गमावलेले माणसाला कळते की नाही, हा त्यांचा जुना आक्षेप? नेदरलँड्समध्ये घराच्या पोस्टकोडवर निघणारी लॉटरी आहे. तिकीट न घेणाऱ्यालाही आपला कोड लागल्याचे शेजाऱ्यांकडून कळते. मार्सेल झीलेनबर्ग व रिक पीटर्स यांनी २००४ साली तिची तुलना तिथल्या सरकारी लॉटरीशी केली. पोस्टकोडच्या तिकिटाचा विचार करताना लोकांच्या मनात ही पुढची चुटपुट असे. सरकारी लॉटरीच्या वेळी ती तितकी आढळली नाही.