मुदत संपलेल्या पुस्तकांचा वारसा

पुस्तकावरील लेखकाचा हक्क कायमचा नसतो. ठराविक मुदतीनंतर ते पुस्तक सगळ्या समाजाचे होते. कुणीही ते छापावे, वाटावे. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे ठरवली होती. रवींद्रनाथ टागोरांचे निधन १९४१ चे. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार, हे लक्षात आल्यावर मुदत वाढवण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. परंतु मुदत संपली की पुस्तक आपोआप वाचकाच्या हाती येते, असे नाही. त्यासाठी कुणाला तरी खपावे लागते.

अमेरिकेत मायकेल हार्ट असाच खपला. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतः टाइप केला आणि इतरांसाठी मोकळा ठेवला. यातूनच ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभा राहिला. हजारावे पुस्तक यायला १९९७ साल उजाडले. २०११ मध्ये हार्ट वारले. आज तिथे ७० हजारांहून अधिक पुस्तके मोफत मिळतात. त्यांत इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा. आपल्या भाषांचे काम आपणच केले पाहिजे.

म्हणूनच आम्ही दोघा-तिघा उर्दू शिक्षकांनी एक छोटासा प्रयोग हाती घेतला. पुस्तक निवडले डेप्युटी नझीर अहमद यांचे ‘मिरात-उल-उरूस’. १८६९ मधील हे पुस्तक उर्दूतील पहिली कादंबरी मानले जाते. मुलींच्या हाती द्यावे असे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी ते आपल्या लेकींसाठी लिहिले. त्यातील असगरी स्वतः शिकलेली आहे. ती घर सावरते आणि मोहल्ल्यातील मुलींनाही शिकवते. लेखक १९१२ साली वारले, तेव्हा हक्काचा प्रश्न नव्हता. नव्या आवृत्त्यांतील प्रस्तावना व टिपा मात्र आम्ही घेतल्या नाहीत. त्यांवर त्या त्या संपादकाचा हक्क असतो.

जुन्या पुस्तकांची छायाचित्रे इंटरनेटवर मिळतात. पण मोबाइलच्या लहान पडद्यावर ती वाचताना डोळे शिणतात आणि त्यांत शब्द शोधता येत नाही. म्हणून अक्षर न् अक्षर टाइप करणे आले. जुने कातिब ‘दोचश्मी हे’ आणि ‘छोटी हे’ यांत नेहमी फरक करीत नसत. तिथे आम्ही आजचे शुद्धलेखन स्वीकारले आणि तसे पहिल्या पानावर नमूद केले. अरबी आणि उर्दू ‘ये’ शब्दाच्या मध्यभागी सारखेच दिसतात, संगणक मात्र त्यांना वेगळे मानतो. एक ‘ये’ चुकला की शोधलेला शब्द सापडत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या मुली घरी उर्दू बोलतात, पण मोबाइलवर ती रोमन अक्षरांत लिहितात. शाळेबाहेर डोळ्यांसमोर लिपीच आली नाही, तर ती फक्त परीक्षेपुरती उरेल. तयार झालेले पहिले प्रकरण मुलींनी आपल्याच मोबाइलवर वाचले आणि अकबरीच्या फजितीवर त्या खळखळून हसल्या. पुढचे प्रकरण कधी येणार, ही त्यांची विचारणा आम्हाला पुरेशी आहे.

हा वारसा केवळ उर्दूचा नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मराठीत आहे आणि तोही सर्वांचाच आहे. प्रत्येकाने असे एक पुस्तक निवडावे आणि रोज एक पान टाइप करावे. वर्षभरात एक ग्रंथ पुढच्या पिढीच्या हाती पडेल.