उरलेल्यांचे गाणे

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि कायदे हीच आमच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु एखाद्या राष्ट्राचे अंतःकरण जाणावयाचे असेल, तर तेथील तरुण काय गात होते हेही विचारले पाहिजे. ह्या दृष्टीने दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचा एक गीतसंग्रह आम्हांस विचारार्ह वाटतो. १९८६ च्या सप्टेंबरात तो निघाला. त्याचे स्पॅनिश नाव 'पातेआंदो पिएद्रास', म्हणजे 'दगड लाथाडीत'. आणि तो गाणाऱ्या रॉक वाद्यवृंदाचे नाव 'लोस प्रिसिओनेरोस', म्हणजे 'बंदिवान'.

होर्हे गोन्सालेस, क्लाउदिओ नारेआ व मिगेल तापिआ हे तिघे सान्तिआगो राजधानीतील सान मिगेल भागात एकाच शाळेत शिकले. १९७३ साली सेनापती पिनोचेत ह्याने लोकनियुक्त सरकार उलथून सत्ता बळकाविली, तेव्हा ते बालवयात होते. पुढे १९८२ साली देशावर मोठे आर्थिक अरिष्ट कोसळले, कारखाने बंद पडले आणि शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या वाट्यास बेकारी आली. सरकारी दूरचित्रवाणीने ह्या तिघांस दूर ठेविले; त्यांच्या कॅसेट मात्र हातोहात फिरल्या.

ह्या संग्रहात गिटारीपेक्षा विजेच्या वाद्यांचा भरणा अधिक आहे. बंद पडलेल्या उद्योगांवरील गीतात तर यंत्रांच्या ठोक्यांचाच ताल धरला आहे. तथापि ज्याने हा संग्रह अजरामर केला, ते गीत 'एल बाइले दे लोस के सोब्रान', अर्थात 'उरलेल्यांचा नाच' हे होय. त्यात कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते आणि रिकाम्या रस्त्यावर दगड लाथाडीत भटकणारी मुले डोळ्यांपुढे येतात. सर्वांस एकच उपदेश झाला की, अभ्यास करा. परंतु भाग्याचे दार उघडले ते मोजक्यांसच. ह्या गीतात हुकूमशहाचे नाव नाही, क्रांतीची घोषणाही नाही. वर्गातल्या सोबत्यांचा हिशेब तेवढा मांडला आहे. आमच्या मते त्याचे सामर्थ्य ह्यातच आहे. व्यक्तीवर रचलेले गीत त्या व्यक्तीबरोबर मावळते. अन्यायावर रचलेले गीत अन्याय असेतोवर जगते.

ह्याची प्रचीती पुढे आली. १९९० साली पिनोचेतची राजवट संपली, लोकसत्ता परतली. परंतु २०१९ च्या ऑक्टोबरात राजधानीतील भुयारी रेल्वेचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि साठलेला असंतोष उसळून वर आला. रस्त्यावर पुन्हा सैन्य उतरले, संचारबंदी पुकारली गेली. २५ ऑक्टोबरला एकट्या सान्तिआगोत दहा लाखांहून अधिक लोक जमले. त्या दिवसांत जनसमुदायाच्या मुखी हेच तेहतीस वर्षांपूर्वीचे गीत होते. ते रचले गेले तेव्हा जन्मलेही नव्हते, असे कितीतरी तरुण ते गात होते.

रसिक म्हणेल, कवीस ह्याहून मोठा मान कोणता? आम्हांसही ते मान्य आहे. परंतु इतिहासकाराने येथे क्षणभर थांबले पाहिजे. काही गीतांचे भाग्य असे असते की, ती विस्मृतीत गेली असती तरच त्यांचा खरा विजय झाला असता. बापाने गायिलेले तक्रारीचे गाणे मुलासही आपलेच वाटावे, ह्यात गीताचा गौरव आहे. देशाचा खास नाही.